थोरली सरळ चालायची

बाजाराच्या टोकाला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एक चिंचोळं दुकान आहे. पाटीवर नुसतं 'बूट' एवढंच आहे, कारण रंगाऱ्याने पहिला शब्दच इतका ऐसपैस काढला की पुढे जागा उरली नाही. आत साठीला टेकलेली एक बाई मांडीवर चामडं घेऊन बसलेली असते. बाजार तिला मावशी म्हणतो. मागच्या खोलीत आरामखुर्चीत पडून असलेले तिचे वडील मात्र अजून धाकटीच म्हणतात, आणि या नावाने हाक मारली की ती हातातलं टाकून उठते.

स्वभावाने बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. बूट चावतो अशी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आधी पाय दाखवायला लावते आणि नखं कापून या म्हणून परत पाठवते. तरी गिऱ्हाईक तुटत नाही. एक पाय आखूड असलेल्या माणसाला सरळ चालवणारा बूट दुसरं कुणी करत नाही, हे त्याचं कारण. ही विद्या वडिलांची, आणि ती आली थोरलीमुळे.

थोरली म्हणजे मोठी बहीण. लहानपणी तापाने फणफणली, ताप उतरला पण डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. वडिलांनी तिला जाड तळाचा बूट करून दिला, तर शाळेतल्या पोरींनी त्यावरून इतकं पिडलं की तिने तो शेजाऱ्याच्या कौलांवर भिरकावला आणि अनवाणी घरी आली. वडील रागावले नाहीत. त्यांनी महिनाभर खटपट करून नवा जोड बनवला. उंची सगळी आत, टाचेखाली बुचाचे थर बसवून, आणि बाहेरून दोन्ही बूट अगदी सारखे. एक पाय आखूड आहे, हे सांगून खरं वाटलं नसतं. थोरली तो जोड घालून दुकानाबाहेर पडली, ती रस्त्याच्या टोकाला पोचल्यावरच थांबली.

घर दुकानाच्या वर. जोडे सगळ्यांनी खालीच काढायचे, हा आईचा दंडक. त्यामुळे वर थोरली अनवाणी, आणि अनवाणी म्हटलं की लंगडत. फळ्यांवर एक पाय जड, एक हलका. स्वयंपाकघरात बसून आईला कळायचं की ही आता खिडकीशी गेली, ही आता आरशापुढे उभी राहिली. घरच्यांना थोरली माहीत होती ती अशी.

सोळाव्या वर्षी एका सकाळी ती टायपिंगच्या क्लासला म्हणून गेली आणि परत आलीच नाही. संध्याकाळी आईवडील पोलीस ठाण्यात. साहेबांनी वर्णन विचारलं, मग अंगावर काही खूण आहे का ते विचारलं. आई रडत रडत म्हणाली, डाव्या पायाने लंगडते. वडिलांनी मान डोलावली. झालं. चौकशी करणाऱ्या शिपायांना तेच सांगितलं गेलं, वर्तमानपत्रात फोटोखाली तेच ठळक छापून आलं, आणि गावोगाव लोक लंगड्या मुली शोधू लागले.

धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढे वडिलांनी पायाला भिंगरी लावली तेव्हा तीही बरोबर असायची. कुठे बाजारात, कुठे इस्पितळात लंगडी मुलगी दिसल्याचं कळलं की दोघं निघाली. प्रत्येक वेळी कुणा दुसऱ्याचीच मुलगी निघायची. आई या वाट बघण्यातच खचली आणि गेली. 'ती गेली नाही, तिला कुणीतरी नेलं,' हे वडिलांचं ठाम मत. नेणारा कोण, हे शोधण्यात त्यांची उमेद सरली आणि शेवटी त्यांनी खुर्ची धरली.

धाकटीने आरी हातात घेतली ती हट्टाने. तिचा हिशेब सोपा होता. बूट झिजतो. ताई जिवंत असेल तर तिला कुणाकडे तरी बूट करावाच लागेल. लग्नाचं बघायला आलेल्यांना तिने तोंडावर सांगितलं की मी हे दुकान सोडून कुठे येणार नाही. चार स्थळं आल्या पावली परतली. पाचवा वायरमन होता, तो वळकटी घेऊन इकडेच राहायला आला. आपलं लग्न बायकोशी नाही, दुकानाशी झालं आहे, असं तो आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. सुटीच्या दिवशी बाई कुठल्या ना कुठल्या गावी जाऊन तिथल्या बूट करणाऱ्यांना गाठायची आणि विचारायची, डाव्या पायाने लंगडणारी बाई येते का तुमच्याकडे? नाही, अशी बाई येत नाही, असंच उत्तर सगळीकडून यायचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. स्वतः लंगड्यांना सरळ चालवण्यावर जी पोट भरते, ती जन्मभर लंगडणारी बाई शोधत हिंडली. पण तिला तरी काय बोल लावायचा? घरातलं माणूस आपण डोळ्यांनी कुठे बघतो, सवयीनेच बघतो.

तिचे डोळे उघडले ते समोरच्या शिंपिणीमुळे. एक परिचारिका मापासाठी दोन-तीनदा लंगडत दुकानात येऊन गेली होती. जोड तयार झाला, तिने घातला आणि रस्ता ओलांडून शिंपिणीच्या दारावरूनच गेली. थोड्या वेळाने शिंपीण चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, तुमची ती लंगडी नर्स आज येणार होती ना, आली नाही वाटतं? आत्ताच तुझ्या नाकासमोरून गेली, असं धाकटी म्हणायला गेली आणि अर्ध्यावरच तिने हातातली आरी खाली ठेवली. शिंपिणीची नजर पक्की. गल्लीत नवं मांजर आलं तरी तिला पत्ता. तिला नर्स ओळखू आली नाही, तर त्या दिवशी रस्त्यावरच्या, बसस्टँडवरच्या परक्या माणसांनी, पायात तो जोड असलेल्या ताईला लंगडी म्हणून कसं ओळखावं? धाकटी तशीच उठली आणि अंगाला चामड्याचा वास, हाताला डिंक, अशा अवतारात पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहिली.

तिथला साहेब तरुण होता आणि भला होता. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाला, "मावशी, इतक्या वर्षांनी एक ओळ कापून काय होणार?"

"ती ओळ आमच्याच घरातून आली होती, साहेब," धाकटी म्हणाली. "आम्हीच ती मागे घेतो. फोटो तोच छापा. खाली लिहा की मुलगी सरळ चालायची."

त्याने छापून आणलं. फोन आले, बरेचसे रिकामटेकड्यांचे. एक आलं ते मात्र माणूसच आलं. काठी टेकत एक म्हातारी दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. ती पूर्वी बसस्टँडच्या तिकीट खिडकीवर असायची. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने त्या सकाळी बंदराच्या गाडीचं तिकीट घेतलं होतं, असं ती म्हणाली. संध्याकाळी शिपाई आला, लंगडी मुलगी पाहिली का विचारून गेला. पाहिली नव्हती, म्हणून हिने नाही सांगितलं. पुढे पेपरात फोटो बघून चेहरा ओळखीचा वाटला होता, पण खाली लंगडते लिहिलेलं वाचून तिने विचार सोडून दिला.

"कारण ती मुलगी पळाली होती," म्हातारी म्हणाली. "गाडी सुटत होती. पळत गेली, दांडा धरला आणि उडी मारून चढली. बरोबर कुणी नव्हतं. लंगडी पोर अशी पळेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?"

ताई पळू शकत होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आता हे वडिलांना सांगायचं की नाही? नवरा म्हणाला, नको. नव्वदीच्या माणसाला कशाला कळायला हवं की पोरीला कुणी नेलं नव्हतं, ती आपल्या पायांनी गेली, आणि ती सापडली नाही ती त्याच्याच हातच्या बुटामुळे? धाकटीलाही ते पटत होतं. पण एकदा अर्धवट सांगितल्याचं फळ तिने आयुष्यभर भोगलं होतं. ती मागच्या खोलीत गेली, खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

वडिलांनी तिच्याकडे मान वळवली. मग विचारलं, "पळाली?"

"हो, बाबा."

"त्या बुटात?"

"त्याच बुटात. बघणाऱ्याला काही कळलं नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की तो हसतोय की रडतोय, लेकीलाही सांगता येईना. मग त्याने पंच्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मालकाच्या जुन्या आवाजात म्हणाला, "इथे बसून काय करतेस? बंदर कुठे पळून गेलंय का?"

दुसऱ्या दिवशी धाकटी बंदराच्या गाडीत होती. बंदरावर गोदामांच्या मागे एक म्हातारा कारागीर बसतो. त्याने तिला लगेच ओळखलं. तुम्ही पूर्वीही आला होता, असं तो म्हणाला, लंगडी बाई कधी आली नाही म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं.

"तेव्हा माझं विचारणंच चुकलं होतं," धाकटी म्हणाली. "आता नीट विचारते. बाहेरून दोन्ही बूट सारखे, डाव्याच्या आत टाचेखाली बुचाचे थर. असा जोड घालून, सरळ चालत, एखादी मुलगी तुमच्याकडे आली होती का?"

कारागीर सवयीने नाही म्हणायला गेला, थांबला आणि छताकडे बघत आठवू लागला. धाकटीने कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं.

"सावकाश आठवा," ती म्हणाली. "मी बसते."