एकशे चार वर्षांची अर्जदार

व्हर्डेल मेह्यू या बाईंशी माझा खरा परिचय सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात भरणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात झाला. तेव्हा माझे वय एकाहत्तर होते. चाळीस वर्षे मी विटा रचल्या होत्या आणि नुकताच मुळाक्षरांकडे वळलो होतो. बाई तेथे विनावेतन मदतीस येत. पहिल्याच दिवशी माझी पाटी पाहून त्या म्हणाल्या, "ब्रदर ओथा, हे अक्षर सरळ उभं राहायला बघतंय, पण तुम्ही त्याला दारू पाजलीय."

आम्ही दोघेही माउंट नेबो या कृष्णवर्णीयांच्या चर्चचे सभासद; तेथे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. राज्याच्या विद्यापीठातील मुलींच्या वसतिगृहात बाईंनी एकतीस वर्षे स्वयंपाक केला होता. त्यापूर्वी, एकोणीसशे अडुसष्ट साली, त्यांनी त्याच विद्यापीठात परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. अर्जास छायाचित्र जोडणे सक्तीचे होते. उत्तर आले की जागा भरल्या आहेत. पुढच्याच महिन्यात तेथील स्वयंपाकघरात त्यांना नोकरी मिळाली. हा प्रसंग बाई हसत सांगत. "स्वयंपाकघरानं फोटो मागितला नाही. मागच्या दारानं येणारी बाई कशी असते, ते त्यांना पाठ होतं."

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रवेश देताना विद्यापीठांनी अर्जदाराचा वंश विचारात घेऊ नये. मात्र वंशामुळे आयुष्यात काय घडले आणि त्यातून कोणता गुण अंगी आला, हे अर्जदाराने निबंधात सांगितले, तर ते वाचण्यास मनाई नव्हती. शाळेच्या समुपदेशक मिस प्रुइट यांनी हे सर्व चर्चमध्ये येऊन समजावून दिले. बाईंची नात केझाया त्याच वर्षी अर्ज करणार होती. तिला अभियंता व्हायचे होते, आणि या विद्यापीठावाचून दुसरे कोणतेही नाव ती उच्चारत नसे.

मिस प्रुइट गेल्यावर बाई म्हणाल्या, "आधी आमचा रंग बघून बाहेर ठेवलं. मग रंग बघून चौघांना आत घेतलं. आता म्हणतात, बघणारच नाही. बघायचं की नाही हे दर वेळी तेच ठरवणार, आणि डोळे आमचे दुखणार!"

केझायाने निबंध लिहिला तो चर्चच्या ऑर्गनविषयी. ब्रदर टॉलिव्हर यांच्या अंत्यविधीत त्याची एक पट्टी अडकली आणि एकच सूर अखंड रडू लागला. मंडळींना वाटले, पवित्र आत्मा उतरला. मंडळीही हंबरडा फोडू लागली. चाळीस मिनिटे हे चालले. अखेर केझाया ऑर्गनखाली सरपटत गेली आणि केसातल्या पिनेने तिने पट्टी सोडवली. पुढे तिने तो ऑर्गन संपूर्ण उघडून दुरुस्त केला.

रविवारच्या उपासनेनंतर जेवणाच्या दालनात तिने हा निबंध वाचून दाखवला. आमच्या चर्चमध्ये एकाच्या घरचे कार्य असले तरी प्रत्येक जण आपले पातेले घेऊन येतो. निबंधाचेही तसेच झाले.

"पोरी, यात तू काळी आहेस हे कुठंय?" चर्चचा कारभार पाहणारे डीकन ब्रॉडनॅक्स यांनी विचारले. "अर्जातली वंशाची चौकट आता कुणी बघणार नाही. निबंधातच घालायला हवं! आपल्या हक्कांसाठी काढलेला माझा त्रेसष्टचा मोर्चा घाल."

"आमच्या आईनं कापूस वेचला, तो घाल," सिस्टर युलाली म्हणाल्या.

"काळ्यांसाठीचे पाण्याचे वेगळे नळ विसरू नका!" तिसरी कोणी ओरडली.

माझे अक्षर तोवर शुद्धीवर आले होते, म्हणून लेखनाचे काम मजकडे सोपवले गेले. एवढा दीर्घ मजकूर मी प्रथमच लिहीत होतो. मी कोणासही नकार दिला नाही. सर्वांत शेवटी व्हर्डेलबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या फोटोचीही एक ओळ टाका." मी ती सर्वांत सुरेख अक्षरात लिहिली.

पुढच्या रविवारी केझायाने तो मजकूर वाचला. अर्ज मंगळवारी पाठवायचा होता. मर्यादा साडेसहाशे शब्दांची होती; आमचे दोन हजार शंभर झाले होते. दालनातील एकही डोळा कोरडा राहिला नाही. सिस्टर युलाली हुंदका देत म्हणाल्या, "किती सोसलं गं या लेकरानं!"

केझायाने कागद खाली ठेवला. "आजी, मी सतरा वर्षांची आहे. मी कापूस फक्त औषधाच्या डब्यात पाहिलाय. हे पाठवायचं असेल तर मी अर्जच करत नाही."

व्हर्डेलबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि त्या खो खो हसू लागल्या. "या हिशेबानं तू एकशे चार वर्षांची झालीस! तुला विद्यापीठ नको, पेन्शन हवी."

"हसू नका, सिस्टर," डीकन रागावून म्हणाले. "आमचं दुःख खोटं आहे का?"

"खरं आहे, डीकन. पण तिचं नाही. आणि ती काळी आहे हे कुठं लिहिलंय म्हणून विचारता? चाळीस मिनिटं ऑर्गन बोंबलतोय आणि एकही माणूस उठून वायर काढत नाही, उलट टाळ्या वाजवतोय, असं दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये पाहिलंत? पहिल्या ओळीपासून आपणच आहोत की त्यात!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ब्रदर ओथा, खोडा. माझी ओळ आधी."

मला ते जड गेले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मी अक्षराकडे पाहत राहिलो. बाईंनी माझ्या हातून लेखणी घेतली आणि आपली ओळ स्वतःच खोडली. नंतर एकेक जण पुढे आला. डीकन सर्वांत शेवटी आले.

मंगळवारी केवळ ऑर्गन गेला.

जानेवारीत केझायाला प्रवेश मिळाला. तो कशामुळे मिळाला हे कोणासही ठाऊक नाही. डीकन आजही सांगतात की मोर्चामुळे. "मोर्चा पाठवलाच नव्हता," असे मी एकदा म्हणालो, तर ते म्हणाले, "तरी पोचला."

ऑगस्टमध्ये केझायाला पोहोचवण्यास मी बाईंसोबत गेलो. वसतिगृहाजवळ येताच बाई सवयीने इमारतीच्या मागील बाजूस वळल्या. केझायाने त्यांचा दंड धरून त्यांना पुढच्या दाराशी आणले. बाईंनी टोपी नीट केली, पायरीवर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या,

"ब्रदर ओथा, माझा एक फोटो काढा. दार पूर्ण येऊ द्या त्यात."