आमच्या दारची निळी टाइल

इमारतीच्या पॅसेजमध्ये रांगोळी काढायला बंदी झाली तेव्हा मी संतापले. सासूबाई संतापल्या नाहीत, याचा मला जास्त राग आला. चऱ्होलीतली ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते आमचंच होतं. त्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटच्या दारात सासूबाई रोज ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. मग कोणीतरी तिच्यावरून घसरलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी घरी येऊन, चहा पिऊन, बंदी सांगितली. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या. रांगोळीचा डबा माळ्यावर गेला. उन्हं वर आली तरी त्या अंथरुणातून उठेनात. जन्मभर ज्या बाईने गावात सगळ्यांच्या आधी दार उघडलं, ती दाराकडे पाठ करून टीव्हीसमोर बसू लागली. हे मला चालणार नव्हतं.

पुनावळ्यात एक बाई पोर्तुगीज पद्धतीच्या टाइल्स रंगवायला शिकवतात, असं कंपनीच्या बसमध्ये कानावर आलं. गोव्यात घरांच्या भिंतींवर दिसतात ना, पांढऱ्यावर निळी नक्षी, त्या. मी तिथल्या तिथे ठरवलं. आईंची रांगोळी टाइलवर काढायची (सासूबाईंना मी आईच म्हणते), भट्टीत पक्की करायची आणि दाराशेजारी भिंतीत बसवायची. भिंतीवरून कोण घसरतंय ते बघू.

सुट्टीच्या दिवशी गेले. लाल मातीच्या टाइलवर पांढरा लेप दिलेला असतो, वाळल्यावर पिठासारखा भुसभुशीत. नक्षी कागदावर काढून रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची कापडी पुरचुंडी वरून हलके आपटायची. खाली ठिपके उमटतात. ते बघून मला हसूच आलं. ठिपके सारखे पडावेत म्हणून आमच्याकडे कागदाला उदबत्तीने भोकं पाडतात. आईंचा तसा लहान कागद मी डब्यातून काढून आणलाच होता.

"माझा कागद तयार आहे," मी ऐटीत सांगितलं.

पण ती उदबत्तीची भोकं, सुईची नव्हेत. पुरचुंडी आपटली आणि एका ठिकाणी भसकन कोळसा पडला. रांगोळी चुकली की हात जे करतो तेच माझ्या हाताने केलं, बोटाने पुसलं. कोळशाबरोबर लेपही निघाला आणि कुंकवाच्या टिकलीएवढी लाल माती उघडी पडली.

"दुसरी घ्या, पहिल्यांदा होतं असं," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

चाकणच्या कंपनीत मी क्वालिटी तपासायला आहे. असा नग मी क्षणाचाही विचार न करता रिजेक्शनच्या लाल पेटीत टाकला असता. पण हात माझा, चूक माझी. आता टाइलही हीच. त्या डागाला वळसा घालून मी एक पाकळी वाकडी नेली आणि बाकीची रांगोळी दात-ओठ खाऊन रंगवून पुरी केली. रंग राखाडी, मळका दिसत होता. भट्टीतून निघाला तो निळाशार.

टाइल घरी आणली. आईंनी ती मांडीवर घेऊन बोट फिरवलं.

"लई देखणी झाली. पर पोरी, ही पुसायची कशी?"

"पुसायचीच नाही, आई. म्हणून तर केली!"

"मग उद्याच्याला म्या काय काढू?"

संध्याकाळभर मी भांडी आपटत राहिले, कारण त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना रांगोळी आणून दिली होती, पण त्यांना हवं होतं ते रांगोळी काढणं.

मग मी बाल्कनीत गेले. फ्लॅटचं काम झाल्यावर उरलेली एक मोठी पांढरी फरशी तिथे धूळ खात पडली होती. ती धुतली आणि दाराबाहेर मांडली. सेक्रेटरी जिन्यातून येताना थांबले.

"ही फरशी सोसायटीची नाही, आमची आहे," मी दारात उभं राहून सांगितलं. "पॅसेज पुसणारी आली की उचलून आत घेऊ. काही म्हणायचं असेल तर माझ्याशी बोला." त्यांनी फरशीकडे एकदा बघितलं आणि ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला निघाले तर दार आधीच उघडं. माळ्यावरचा डबा खाली आलेला, आणि आई पांढऱ्या फरशीवर वाकलेल्या. ही रांगोळी त्या डोळे मिटून काढतील. तरी पुन्हा पुन्हा मान वर करून चौकटीला टेकवलेल्या माझ्या टाइलकडे बघत होत्या. एक पाकळी त्यांनी वाकडी काढली होती, आणि तिच्या वळशात थोडी जागा कोरी सोडली होती.

"आई, ती चूक आहे माझी. तुम्ही सरळ काढा ना."

"गप. आता आपल्या दारची हीच," त्या म्हणाल्या, आणि त्या कोऱ्या जागेत त्यांनी चिमूटभर कुंकू टाकलं.