शनी दिसला ना, काकू?

अन्याय झाला तो आमच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंवर. २००४ सालच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पावणेआठ वाजता, विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, आमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. अन्याय करणारा मी. साक्षीदार वीसेक, आणि त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या काळात मी पत्रकं काढायचो. पाण्यावर पत्रक, बंद दिव्यांवर पत्रक, गटारावर तर मालिकाच. माझं एकही वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपत नसे. तुळिंजचा झेरॉक्सवाला एकदा म्हणाला, "साहेब, हे दांडे जरा कमी करा ना, सगळी शाई त्यातच जाते." मी त्याला तिथल्या तिथे विचारस्वातंत्र्यावर भाषण दिलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि प्रती फिकट काढल्या.

"साडेसाती : एक धडधडीत फसवणूक!" हे पत्रक मी घरोघर वाटलं. काकूंनी ते दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. बिल्डिंगमध्ये असं करणाऱ्या त्या एकट्याच. मग चष्मा काढून विचारलं, "तू पाहिलायस का रे त्याला?"

"कुणाला?"

"शनीला. इतकं लिहिलंयस म्हणून विचारते."

मी पाहिला नव्हता. वाचला होता.

काकूंची रास वृषभ, साडेसातीचा शेवटचा टप्पा. वसईतला काकांचा कारखाना बंद पडला, तो हिच्या साडेसातीमुळे. मुलगा बारावीला दुसऱ्यांदा बसला, हिच्यामुळे. व्होल्टेज वाढून टीव्ही जळला, तोही हिच्यामुळे. काका हे ओरडून सांगत नसत, चहा ढवळता ढवळता सांगत. काकू दर शनिवारी बाटलीत तेल घेऊन देवळात जात. "सात वर्षं तेल घालतेय," त्या म्हणाल्या. "एकदा त्याचं तोंड तरी बघू दे."

मी म्हटलं, दाखवतो! उद्गारचिन्हासकट.

दुर्बीण बनवायला मला आठ महिने लागले. भंगारात निघालेल्या जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवली, दहा इंच रुंद. गच्चीवर एका पिंपावर ती ठेवून, पिंपाभोवती फेऱ्या मारत, घासायची पावडर आणि पाणी टाकून घासली. काचेचा दुर्बिणीला लागणारा खोलगट आरसा होईपर्यंत मी इतक्या प्रदक्षिणा घातल्या की खालच्या मजल्यावर मी नवस बोललोय अशी बातमी होती. सुताराने तो आरसा बसवायला प्लायवूडचं लांबलचक चौकोनी खोकं करून दिलं. ते माझ्यापेक्षा उंच झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी विचारणा केली, की गच्चीवरचं हे कपाट कोणाच्या परवानगीने आलं आहे?

आरसा चांगला जमला होता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. घोळ होता तो हलण्यात. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीत धरलेला ग्रह मिनिटभरात कडेला सरकून निघून जातो. तो परत मध्ये आणायला दुर्बीण केसभर ढकलावी लागते. आणि केसभर ढकललेलं आमच्या दुर्बिणीला मान्य नव्हतं. खोकं खालच्या फळीवर फिरायचं, प्लायवूडवर प्लायवूड बसलेलं. ढकललं तर हलायची नाही. आणखी ढकललं तरी नाही. आणखी थोडा जोर लावला की टुणकन उडी मारून थेट नालासोपाऱ्याकडे तोंड करून उभी.

मी उपाय केला. आधी शिलाई मशीनचं तेल घातलं. मग सायकलच्या दुकानातलं ग्रीस. मग घरातलं खोबरेल. प्लायवूड सगळं प्यायलं, फुगलं, आणि जास्तच अडून बसलं. मी आणखी ओतलं. शनीला तेल घालू नका असं छापून वाटणारा मी शनी दिसावा म्हणून वाट्याच्या वाट्या तेल ओतत होतो, आणि यातलं विनोदी काही माझ्या लक्षातही आलं नव्हतं. चळवळीत असं होतं.

तर तो शनिवार. लोडशेडिंग चालू, त्यामुळे आकाश काळंभोर. गच्चीवर रांग. पहिल्या चौघांना शनी मी कसाबसा दाखवला, दर वेळी दात-ओठ खात तो परत शोधून. पाचव्या काकू. गुडघा धरत तीन मजले चढून आलेल्या, पदर खोचलेला, नुकताच चष्मा पुसलेला. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी खोक्याला हात लावला.

"हात नका लावू!" मी ओरडलो.

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग दोन्ही हात पाठीशी बांधून वाकल्या आणि डोळा लावला. बराच वेळ तशाच. रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"दिसला ना, काकू?"

"हो," त्या हळूच म्हणाल्या. "दिसला."

"ऐकलंत?" मी रांगेकडे वळलो. "काकूंनी शनी पाहिला! कुठे आहे साडेसाती?" टाळ्या झाल्या. काकू कुणाकडे न बघता जिन्याकडे गेल्या.

पुढचा नंबर सेक्रेटरींचा. त्यांनी डोळा लावला. "अहो, काही नाहीये इथे. नुसता काळोख आहे."

मी पाहिलं. खरंच काही नव्हतं. दुर्बिणीने उडी मारली होती, काकूंचा हात लागला तेव्हा किंवा माझ्या ओरडण्याने त्यांनी तो काढला तेव्हा. काकूंनी आकाशाचा एक रिकामा तुकडा पाहिला होता. त्या अजून जिन्यातच होत्या, गुडघ्यामुळे एकेक पायरी उतरत होत्या. "काकू, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी, जो दोन पानांच्या खाली कधी थांबलो नाही, ते दोन शब्द बोललो नाही. टाळ्या नुकत्याच वाजल्या होत्या ना.

एवढ्यावर न थांबता मी पत्रक काढलं. "मनवेलपाड्यातील एका गृहिणीने शनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून साडेसातीला निरोप दिला!" आणि ते गेटवर चिकटवलं.

पुढच्या शनिवारी सकाळी काकू त्याच गेटमधून, त्याच पत्रकासमोरून देवळात निघाल्या. हातातली बाटली नेहमीपेक्षा मोठी होती.

माझा संताप झाला. हो, माझा! "काकू, तुम्ही तर स्वतः पाहिलात. तरी तेल?"

"पाहिला म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं रे. या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच. सगळं काळं. आत कुठे उजेडाचा ठिपका नाही. देवळातली मूर्ती काळी आहे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं मला. आठवडाभर झोप नाही."

मी सात वर्षांची भीती घालवायला निघालो होतो, आणि काळोख दाखवून, वर टाळ्या वाजवून घेऊन, ती दुप्पट करून ठेवली होती. त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. मी विचारलं दिसला का, त्यांना काळा शनी दिसला. खोटं छापलं होतं ते मी.

मी तिथेच सगळं सांगितलं. काकूंनी ऐकलं. मग बाटली तशीच हातात ठेवून म्हणाल्या, "चल, बघू काय बिघडलंय."

गच्चीवर येऊन त्यांनी खोक्याखाली बोट फिरवलं, वास घेतला. "हे तेल कुणी घातलं?"

"मी."

"म्हणजे तूही घालतोस होय?"

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं.

"अरे, पोळी पोळपाटाला चिकटली तर कुणी तेल ओततं का? पिठी लावतात. कोरडं हवं ते."

गव्हाची पिठी लावली असती तर मुंग्या आल्या असत्या. पण कोरडं हवं हे डोक्यात शिरलं. तेल प्यायलेली फळी फेकली. सुताराकडून सनमायकाचा उरलेला तुकडा आणून नव्या फळीवर चिकटवला, खोक्याच्या तळाला कॅरमचे तीन जुने स्ट्रायकर लावले आणि मध्ये कॅरमची पावडर भुरभुरवली. एका बोटाने ढकलून पाहिलं. दुर्बीण केसभर सरकली आणि थांबली. आणि मी इतके दिवस तेलात घालवले होते.

त्या संध्याकाळी रांग नव्हती. काकू आणि मी. "हात लावा," मी म्हटलं. "तुम्हीच ढकला." त्यांनी डोळा लावला. मी तोंडावर हात ठेवला, अक्षरशः. मग विचारलं, "काय दिसतंय?"

"एक पिवळा मणी आहे. त्याला कडं घातलंय... नाही, कडं टेकत नाही त्याला. सुटं आहे." मग, डोळा न काढताच, "सरकला. थांब, आणते मी." त्यांनी बोटाने आणला. "हा? एवढासा?"

"एवढासा."

खाली उतरून त्या काकांना जे म्हणाल्या ते जिन्यात मला ऐकू आलं. "मी बघून आलेय त्याला. तुमचा कारखाना त्याने नाही बंद केला. आणि मीही नाही." आतून चमच्याचा आवाज थांबला.

तेल त्यांनी बंद केलं नाही. "इतका लहान आहे, एकटा आहे तिकडे," म्हणाल्या, "घातलं थोडं तर काय बिघडलं?" माझी चळवळ इथे सपशेल पडली, याची नोंद व्हावी. गेटवरचं पत्रक मी नखाने खरवडून काढलं. त्याची एक कड अजून तिथे आहे.

आता तुम्ही. हातात दुर्बीण असो, पत्रक असो, नाहीतर माइक. कुणाला काही दाखवलंत, तर "दिसलं ना?" हा प्रश्न आजपासून बंद करा. "काय दिसलं?" असं विचारा. आणि समोरच्याचं सांगून होईपर्यंत तोंड बंद ठेवा.