नऊ आरोपी, सात नावं

"मॅडम, फक्त सही," असं म्हणत शेंडगेंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

सकाळचे साडेदहा वाजले होते, इंदापूरचं कोर्ट नुकतंच उघडत होतं. मी इथे सरकारी वकील आहे. म्हणजे पोलिसांनी दाखल केलेले खटले सरकारच्या बाजूने चालवते. शेंडगे हे तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांचे पी.ए. त्या पुढाऱ्यांना सगळे बापू म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. शेंडगेंचा माझ्या टेबलाशी कायद्याने काही संबंध नाही. पण आमच्याकडे पी.ए. मंडळींचा सगळ्याच टेबलांशी संबंध असतो.

तो कागद म्हणजे एक खटला मागे घेण्याचा अर्ज होता. टाईप करून, तारीख घालून तयार. त्यात लिहिलं होतं, 'मी या प्रकरणाची सर्व कागदपत्रं काळजीपूर्वक वाचली असून त्यावर स्वतंत्र विचार केला आहे.' कागदपत्रं माझ्या मागच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी विचारलं, "हा विचार कोणी केला?"

"तुमीच की. खाली तुमचंच नाव हाय."

मी टोपण पेनाला परत लावलं. वाचून सांगते म्हटलं. शेंडगेंना ते विचित्र वाटलं असावं. ते दारापर्यंत गेले, एकदा वळून बघितलं आणि मग गेले.

आधी खटला मागे घेणं म्हणजे काय ते सांगते. मोर्चे, रास्ता रोको, उपोषणं यांत लोकांवर गुन्हे दाखल होतात. ते वर्षानुवर्षं चालतात. मग कधीतरी सरकार ठरवतं की आंदोलनाचे खटले मागे घ्यायचे. समिती बसते, यादी तयार होते, यादी आमच्या वरिष्ठांमार्फत आमच्याकडे येते. पण कायद्यात हा अधिकार मंत्र्याला दिलेला नाही, समितीलाही नाही. तो सरकारी वकिलाला दिलेला आहे. त्याने स्वतः विचार करायचा, अर्ज करायचा आणि न्यायाधीशांना पटलं तर खटला संपतो. कायदा करणाऱ्यांनी मधे एक डोकं ठेवलं आहे. व्यवहारात त्या डोक्याचा उपयोग सही करणाऱ्या हाताला आधार म्हणून होतो.

मी कपाट उघडलं.

प्रकरण साधं होतं. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, शेवटच्या टोकापर्यंत पोचलं नव्हतं. कळसच्या चौकात लोक डाळिंबाची वाळलेली झाडं घेऊन रस्त्यावर बसले. दोन तास वाहतूक थांबली. एकाही गाडीची काच फुटली नाही, उलट अडकलेल्या एस.टी.तल्या प्रवाशांना आंदोलकांनीच चहा दिला, असं खुद्द पोलिसांच्या पंचनाम्यात आहे. नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला.

यादीत नावं सात होती. राहिलेली दोन नावं होती दत्तू आबा आणि त्यांची मुलगी रंजना.

आमच्या शिरस्तेदारांना, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांना, विचारलं तर त्यांनी फाईलमधून मानही वर न काढता उत्तर दिलं. आबा गेल्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीत बापूंच्या पॅनेलविरुद्ध उभे राहिले होते. पडले, पण उभे राहिले होते.

रंजना त्या चौकात बसलीसुद्धा नव्हती. तिचं अक्षर चांगलं म्हणून तहसीलदारांना द्यायचं निवेदन तिने लिहिलं होतं, आणि गावच्या रीतीप्रमाणे लिहिणाऱ्याने पहिली सही केली होती. पोलिसांनी आरोपींची नावं निवेदनावरून उतरवून घेतली. त्यामुळे ती आरोपी क्रमांक एक.

दोन दिवसांनी ती तिच्या वकिलांबरोबर माझ्याकडे आली. आरोपीशी मी एकटी बोलू शकत नाही, म्हणून वकील समोर बसले आणि ती उभीच राहिली. तिची सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून निवड झाली होती. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं होतं. पण चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी लिहिलं होतं, गुन्हा प्रलंबित. तारीख हुकली की जागा पुढच्या नावाला.

मी तिला सांगितलं की सात जणांच्या अर्जावर मी सही करणार नाही. नऊ जणांचं एकच कृत्य आहे, कागदात कुठेही फरक नाही. सात सुटायचे आणि दोघांवर खटला चालायचा, तर त्या खटल्याला खटला म्हणत नाहीत, सूड म्हणतात.

माझे वडील बारामतीत छापखाना चालवायचे. मोर्च्यांची पत्रकं वाचतच मी वाचायला शिकले. त्यामुळे अशी वाक्यं मला पटकन सुचतात, आणि ती बोलून झाल्यावर मला बरंही वाटतं.

रंजनाला बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुमी सही न्हाय केली तर ते सात अडकतील. पण मी सुटंन व्हय? तुमचं तत्त्व राहील आन माझी तारीख जाईल."

तिचं म्हणणं खरं होतं. 

पुण्याला कदम सरांना फोन केला. ते आमचे वरिष्ठ, आणि यादीत नसलेल्या नावासाठी अर्ज करायचा तर त्यांची परवानगी लागते. माणूस सज्जन, पण वरून येणारे फोन सज्जनपणा झिजवतात. मी म्हटलं, नऊ जणांसाठी अर्ज करायची परवानगी द्या. ते म्हणाले, वरून सातच आलेत. मी म्हटलं, मग दोघांना वगळायचं कारण लेखी द्या, मी कोर्टाला सांगेन. 

"अगं, असलं कारण कोणी लेखी देतं का?"

"मग मी काय सांगू न्यायाधीशांना?"

"तू सांगू नकोस काही. खटला चालव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते वैतागून बोलले होते, पण आदेश म्हणून ते अगदी योग्य होतं. मी खटला चालवायला घेतला. न्यायाधीशांना सांगितलं की मागे घेण्याचा अर्ज सध्या नाही, प्रकरण जुनं आहे, सरकार पक्ष पुरावा द्यायला तयार आहे. त्यांनी जवळची तारीख दिली. पहिल्या साक्षीदाराला समन्स गेलं. हा साक्षीदार म्हणजे त्या दिवशी चौकात बंदोबस्ताला असलेले हवालदार.

हवालदार तारखेच्या आधी जबाब वाचायला माझ्याकडे आले. रंजनाचं नाव निवेदनावरून घेतलं हे त्यांनी मान्य केलं; जबाबातली पुढची नावं मी एकेक वाचत होते आणि ते 'व्हय, होता' म्हणत होते. यादीतल्या सातांपैकी हणमंत तात्यांचं नाव आल्यावर ते जबाबाच्या कागदाकडे बघायला लागले. मी परत विचारलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यांनी सांगितलं, तात्या त्या दिवशी चौकात नव्हतेच. ते साताऱ्याला लग्नात होते. संध्याकाळी परत आले तर गावात गुन्हा दाखल झालेला आणि त्यात आपलं नाव नाही! तात्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ज्याच्यावर एकही आंदोलनाची केस नाही त्याला कार्यकर्ता कोण म्हणणार? तात्या थेट पोलीस स्टेशनात गेले, भांडले, बापूंना फोन लावून दिला आणि आपलं आणि मेहुण्याचं अशी दोन नावं घालून घेतली. मी पाच वर्षं वकिली केली आहे. गुन्ह्यातून नाव काढण्यासाठी लोक काय काय करतात हे पाहिलं होतं. नाव घालण्यासाठी वशिला लावणारे हे पहिलेच.

हवालदारांना मी एवढंच सांगितलं की शपथेवर खरं असेल ते बोला. त्यांनी ते गावात कोणाला सांगितलं मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी हणमंत तात्या आपल्या वकिलांना घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात हजर. मागे बाकीचे सहा.

तात्यांची अडचण साक्षीपेक्षा मोठी होती. डाळिंबवाल्या बागायतदारांचा अभ्यास दौरा हॉलंडला निघाला होता, हरितगृहं बघायला. सातांपैकी चौघं त्यात होते. फौजदारी खटला असेल तर पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, आणि ज्या कोर्टात हे प्रकरण होतं तिथेच आता साक्ष सुरू होणार होती.

"बाईसाहेब, यादीत नाव हाय आमचं," तात्या म्हणाले. "मंग साक्ष कशाला काढली?"

"यादी सातांची आहे. आरोपी नऊ आहेत. मला नऊ जणांचा अर्ज करता आला तर आजच करते."

"ते दोगं बापूंच्या हातात हाय."

"मग बापूंना विचारा."

मागून एक जण तात्यांना म्हणाला, "तुमी चौकात न्हवता, तरी केस घेतली. ती पोरगी पण न्हवती. तुमाला हॉलंड आन तिला जेल व्हय?"

सगळे हसले. तात्याही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी तिथेच मोबाईल काढला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बोलले. शब्द ऐकू आले नाहीत. हातवारे मात्र पूर्ण कोर्टाने पाहिले. आठवडाभर अशी ये-जा चालली असं शिरस्तेदार सांगत होते. सात घरांतून रोज कोणीतरी बापूंच्या बंगल्यावर. विरोधकाला आवर घालणं पुढाऱ्यांना जमतं, पण आपल्याच माणसाची बायको बॅग भरून पासपोर्टची वाट बघते आहे म्हटल्यावर त्यांचं काही चालत नाही.

साक्षीच्या तारखेआधी सुधारित यादी आली. नऊ नावं. सोबत पत्र होतं की आधीच्या यादीत 'टंकलेखनाच्या चुकीने' दोन नावं राहून गेली होती.

या वेळी अर्ज मी स्वतः लिहिला. न्यायाधीशांनी तो वाचला, पंचनामा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं की हे आंदोलन शांततेत झालं होतं याला पुरावा काय. मी चहाची ओळ दाखवली. त्यांनी परवानगी दिली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

रंजनाने आदेशाची नक्कल त्याच दुपारी मागितली. ती नक्कल पोलिसांकडे, तिथून आरोग्य विभागाकडे, असं तिने स्वतः स्कूटीवर फिरून केलं आणि मुदतीच्या एक दिवस आधी बावड्याच्या दवाखान्यात हजर झाली. दत्तू आबांनी मला नमस्कार केला नाही. म्हणाले, "पोरीचा गुन्हाच न्हवता, मंग आभार कशाचं?" मला ते फार आवडलं.

तात्या मात्र नक्कल घेऊनही घुटमळत होते. मी विचारलं, आता काय राहिलं? त्यांनी आवाज बारीक केला.

"खटला गेला ते बरं झालं. पण केस झाली व्हती, असा एखादा दाखला मिळंल का? प्रचाराला लागंल."

मी या सगळ्याला न्याय म्हणायला तयार नाही. पाण्यासाठी दोन तास रस्त्यावर बसणं हा मुळात गुन्हा का, हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही. केसमध्ये दोन नावं घुसली ती बापूंचा फोन होता म्हणून आणि केस निघाली ती हॉलंडचं विमान होतं म्हणून. माझ्या वाट्याला आलेलं काम एवढंच की मधल्या काळात मी कागद वाचले. नव्याने सरकारी वकील होणाऱ्यांना मी तेवढंच सांगते. आधी यादीतली नावं मोजा, मग आरोपी मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर घाईने सही करू नका, साक्षीदाराला समन्स काढा.