पाय लागला

फिनलंडमध्ये लेकीच्या घरामागच्या जंगलात झाडं तोडायचं यंत्र शिरलं होतं. ते स्प्रूसचा बुंधा आवळायचं, कचकन कापायचं आणि झाड आडवं होईतो त्याच्या सगळ्या फांद्या ओरबाडून टाकायचं. तोडायच्या झाडांवर लाल पट्टे, राखायच्या झाडांवर निळे. मोठ्यांच्या मरणालाही शिस्त होती. घोट्याएवढ्या ब्लूबेरीच्या झुडपांवर मात्र कुणी रंग वाया घालवला नव्हता. ती मुळांसकट चिखलात मळली जात होती आणि चाकांवर त्यांचा जांभळा रस वाळत होता.

शेजारच्या आयनोबाई रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात त्या इथलीच फळं वेचायच्या. झुडपांचा उरलेला तुकडा पाहायला आम्ही तिघं त्यांच्यामागून निघालो, तर आमच्या हिचा पाय एका झुडपावर पडला. ही चटकन वाकली, झुडपाला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"काही पडलं का यांचं?" आयनोबाईंनी विचारलं.

"पाय लागला ना, म्हणून आई माफी मागतेय," लेक म्हणाली.

आयनोबाईंनी यंत्राकडे बोट केलं. "मग त्यालाही शिकवा की!"

मी वर पाहिलं. ड्रायव्हर उंच काचेच्या केबिनमध्ये गाणी ऐकत बसला होता. त्याचा पाय कुठे जमिनीला लागत होता!