सोनामावशीच्या पुस्तकातली जनावरं

हे किस्से म्हणजे उंदरांची वीण! एक सांगायला घ्यावा, तर मागून चार बाहेर येतात. सगळे लष्कराच्या छावणीतल्या चर्चमागच्या खोलीतले. पोलीस ॲक्शननंतर लग्न होऊन मी इथं आले, तवापासून दर बुधवारी आम्हा बायकांची प्रार्थना असायची.

वाचणारी एकटी सोनामावशी, बाकी आम्ही अंगठेबहाद्दर. पुढं तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण जुनं बायबल तोंडपाठ. पानावर बोट फिरवीत धडाधडा म्हणायची. हे आम्हाला ठाऊक, चर्चच्या नव्या पाळकसाहेबांना नाय! त्यांना नवं भाषांतर आणायचं होतं. "जुन्यातली जनावरंसुद्धा कुणाला कळत नाहीत," म्हणाले. नवं आलं की मावशीचं वाचन सुटणार. मग आम्ही हट्टालाच पेटलो. एकूण एक जनावर ओळखून दाखवायचं!

*

पहिला आला शाफान. खडकात राहतो, रवंथ करतो.

कन्नड तालुक्यातली मार्था म्हणाली, "आमच्या घाटात लई हायेत. घोरपड!"

"घोरपड रवंथ करती व्हय गं?"

"तू तिच्या तोंडात बघायला गेलतीस?"

*

मग बेहेमोथ. बैलासारखं गवत खातो, चिखलात लोळतो.

मी म्हणाले, "म्हैस!"

पाळकसाहेब हसले. "नाही हो आजी, पाणघोडा."

"दूध देतो का?"

"माणसांना नाही."

"मग देवानं कशाला केला?"

पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं.

*

लिव्याथानाला तर कुणी वेसण घालू शकत नाय, कुणाचं ऐकत नाय, तोंडातून जाळ निघतो. वाचून झालं आणि सगळ्या बायका मार्थाच्या सासूकडं बघायला लागल्या.

सासू म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? पुढं वाचा!"

*

एवढं करूनही नवं पुस्तक आलंच. पाळकसाहेबांनी ते कौतुकानं मावशीच्या हातात दिलं, अध्याय सांगितला. "पहिलं वाचन तुमचं."

आमचा जीव टांगणीला. मार्थानं तर डोळेच मिटले.

मावशीनं चष्मा पुसला, पानावर बोट ठेवलं आणि सुरू झाली. तीच जुनी चाल, तेच जुने शब्द! मधेच जुन्यातलं एकशिंगी जनावर आलं. पाळकसाहेब उठले, मावशीच्या मागं जाऊन पानात वाकून बघायला लागले.

"मावशी, इथं तर रानबैल लिहिलंय."

मावशीनं बोट जरासुद्धा हलवलं नाय.

"व्हय, मलाबी दिसलं. छापणाऱ्याची चूक हाय, पाळकसाहेब. चारचौघींत तुमची शोभा नको, म्हणून मी सुधारून वाचलं!"