पितळ आधी रडतं

माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात पांढऱ्या कागदाच्या घड्या दिसल्या, तेव्हा मला वाटलं, दुरुस्तीवाले भाई विसरून गेले. खानावळीत हात पुसायला देतात ना, तसला पातळ कागद. आतल्या पाण्याच्या नळीच्या प्रत्येक जोडाखाली एकेक घडी नीट दुमडून ठेवलेली. दुरुस्तीला आलेला माणूस त्याचा कचरा आपल्या घरी ठेवून जातो, असा माझा जुना अनुभव. मी सगळ्या घड्या काढल्या, एकीने चष्मा पुसला, बाकीच्या टोपलीत टाकल्या आणि मोठं काम उरकल्यासारखा बायकोकडे चहा मागितला.

संध्याकाळी भाई आले. वाकून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, कागद कुठं हाय?"

"टाकले. तुम्ही विसरला होतात."

"विसरलो नव्हतो. थेंब जरी गळला असता तरी तो ओला झाला असता. आता मी कोनाला विचारू?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी खिशातून नवे कागद काढले, पुन्हा घड्या घातल्या, पुन्हा जोडाखाली ठेवल्या. पाण्याचा पंप तेवढा चालू, बाकीच्या कॉम्प्युटरला वीज नाही, असं चोवीस तास चालवायचं. कागद कोरडा राहिला तरच पुढचं बटण. माझे अठरा तास झाले होते. ते पुन्हा शून्यापासून सुरू झाले.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला आपल्या घाईशी काही देणंघेणं नसतं. आमच्या बोर्ली पंचतनात हे होते. नाव लिहीत नाही. दुकानावर पाटीसुद्धा न लावणाऱ्या माणसाला ते रुचलं नसतं. सगळे त्यांना भाईच म्हणायचे.

उमेदीची वर्षं त्यांनी आखातात काढली. एका उंच इमारतीत थंड पाण्याचे पाइप सांभाळायचं काम. त्या इमारतीत माणसं किती राहत होती ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण जोड किती होते ते तोंडपाठ होतं. खोलीवरच्या एका मल्याळी सोबत्याकडून कॉम्प्युटर उघडायला शिकले आणि परत आल्यावर बाजाराच्या मागे, सुकी मासळी विकायला बसतात त्या ओळीसमोर, त्यांनी दुकान टाकलं. त्यांच्याकडून दुरुस्त होऊन आलेल्या कॉम्प्युटरला चार दिवस सुकटीचा वास यायचा. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. नवरानवरी हळदीत हसत असताना माझ्या टेबलाला जवळ्याचा वास, ही आमच्या स्टुडिओची ओळखच झाली होती.

पाण्याची भानगड मीच ओढवून घेतली. स्टुडिओ घराच्या माळ्यावर, वर पत्रा. एप्रिल लागला की एडिटिंग करताना कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा. कुठल्याशा जाहिरातीत मी पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर पाहिला होता. काचेचं कॅबिनेट, आत निळं पाणी, निळा दिवा. वाटलं, गिऱ्हाईक बघून गार होईल.

भाईंनी समजावलं. "मोठा फॅन लावा, खिडकी पाडा. विजेच्या घरात पानी कशाला?"

मी ऐकलं नाही. आपण आधुनिक आहोत असं एकदा मनाने घेतलं की माणूस कोणाचंच ऐकत नाही.

"बरं," ते म्हणाले. "मंग पितळी फिटिंग लावीन. प्लास्टिकला मी हात लावनार नाय."

"दिसायला तर सारखीच दिसतात."

त्यांनी दोन्ही माझ्या तळहातावर ठेवली. दोन्हींना चकचकीत मुलामा. एक जड, एक हलकं.

"पितळ आधी रडतं, भाऊ. वायसर सैल झाला की एक थेंब येतो, मंग दुसरा. तुमाला सवड मिळते. प्लास्टिक रडत नाय. आट्यात आतल्या आत चीर जाते, वरून हसत असतं, आनि एक दिवस सगळं पानी सोडून देतं."

त्याच वर्षी थंडीत त्यांच्या एकुलत्या मुलीचा निकाह झाला. शूटिंग मी केलं. भाईंच्या बेगमने जन्मात कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं टाळलेलं. घरात त्यांचा फोटो म्हणाल तर पासपोर्टसाठी काढलेला तेवढा, त्यात त्या पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारख्या दिसतात. पण त्या दिवशी मुलीने हट्ट धरला, अम्मी, माझ्यासाठी दोन शब्द बोल. मी त्यांना आतल्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. त्या दोनएक मिनिटं बोलल्या. खोलीत आम्ही दोघंच, त्या आणि मी.

पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाई माळ्यावर आले. बराच वेळ निळं पाणी फिरताना बघत बसले.

"निकाहची शूटिंग हाय ना, भाऊ?"

"आहे. एडिटिंग राहिलंय तेवढं." खरं तर मी हातच लावला नव्हता.

"घाई नाय. अजून बघायची हिंमत होत नाय. जपून ठेवा. दुसरीकडं पन ठेवा."

"दोन डिस्कवर आहे," मी ऐटीत म्हणालो. "ही एक, तिच्याखाली दुसरी."

"दोन्ही याच डब्यात? आमच्याकडचे कोळी दोन सख्खे भाऊ एका होडीतून धाडत नाय."

मी हसलो. तिसरी डिस्क आणतो म्हणालो. आणली नाही. कॅमेऱ्याची कार्डं तर मी कधीच पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. लग्नसराईत आम्ही सगळे तसंच करतो. आधीच्या नवरीला पुसल्याशिवाय पुढची नवरी मावत नाही.

पुढल्या मे महिन्यात ते स्वतःहून म्हणाले, "येत्या जुम्याला पोरगी माहेरी येतेय. तिच्यासोबत बघतो. होईल तयार?"

"होईल म्हणजे! झालंच समजा."

मनापासून म्हणालो. ती फिल्म मला खरंच चांगली करायची होती. त्यासाठी टेबल वाऱ्याच्या बाजूला खिडकीखाली सरकवलं, कॅबिनेट हलवलं, तर एक नळी भिंतीला अडून मुडपली. तिथे कोपऱ्याचं फिटिंग हवं होतं.

"मुंबईहून मागवतो," भाई म्हणाले. "पितळी कोपरा इथं मिळत नाय. पंधरा दिवस लागतील. तोवर टेबल होतं तिथंच ठेवा."

पंधरा दिवस कसे थांबणार? शुक्रवार आठ दिवसांवर आलेला. मी मोबाइलवरून मागवलं. एका पाकिटात पाच कोपरे, चांदीसारखे चमकणारे, तिसऱ्या दिवशी दारात. हातात घेतले तेव्हा हलके लागले. ते मला कळलं, हे इथे कबूल करतो. सैल राहायला नको म्हणून पक्कड लावून, दातओठ खाऊन आवळलं. शेवटी 'कट्' असा बारीक आवाज झाला. मी समजलो, बसलं घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई सहज डोकावले, तेव्हा मी कॅबिनेटची ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली होती.

"अजून हिकडंच ठेवलाय? नळी दबत नाय ना?"

"नाही नाही. झकास चाललंय."

ते मान डोलावून गेले. माझ्या शब्दावर गेले.

बुधवारी दुपारी मी खाली जेवायला बसलो होतो. पानात बांगडा होता. बायको जिन्याकडे बघून म्हणाली, "अहो, वर कपड्यांची नीळ कोणी सांडली?"

माळ्याच्या फळ्यांतून निळं पाणी जिन्यावर ठिबकत होतं. मी हातही न धुता वर धावलो. निळा दिवा विझला होता. खोलीत जळक्या वायरचा वास. कोपऱ्यातून सुटलेलं पाणी ग्राफिक्स कार्डावरून ओघळत तळाच्या पॉवर सप्लायमध्ये शिरलं होतं, आणि तो जळताना दोन्ही डिस्क घेऊन गेला होता.

बायकोनेच भाईंना फोन केला. मला करवेना.

ते आले. कॅबिनेट भिंतीकडून वळवलं. कोपरा बोटांत धरला तर त्याचे दोन तुकडे होऊन हातात आले. एका तुकड्यावर पकडीचे दात उमटलेले.

"पक्कड लावली होती?"

"हो."

"हं."

एवढंच. मला वाटत होतं, ओरडावं त्यांनी. आमच्या जिन्यावरून कोणी ओरडत गेलं असतं तर निदान शेजाऱ्यांना तरी कळलं असतं की मी कसा माणूस आहे. त्यांनी दोन्ही डिस्क काढल्या, पुसल्या, जेवणाचा डबा बांधतात तशा रुमालात बांधल्या आणि सकाळच्या पहिल्या एसटीने स्वतः मुंबईला घेऊन गेले.

जुम्याला मुलगी आली. मी चार दिवस बाजाराकडे फिरकलो नाही. कोथिंबीरसुद्धा बायकोने आणली.

महिन्याभराने मुंबईहून जेवढं निघालं तेवढं आलं. भाई पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडेच आले, खालच्या खोलीत टीव्हीवर लावा म्हणाले. जेवणावळ निघाली होती. मंडपाचे खांब निघाले होते. कोणा पाहुण्याची पाठ तर पूर्ण सात मिनिटं शाबूत होती. आणि शेवटी भाईंच्या बेगम, खिडकीपाशी बसलेल्या. ओढणी पुढे ओढली, कॅमेऱ्याच्या जरा वर, म्हणजे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चालू झालं काय?"

तिथेच चित्र थांबलं. तोंड किंचित उघडं.

भाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. बायको दारात चहा घेऊन उभी होती, तिला आत यावं की नाही कळेना.

"पुढं काय बोलली, भाऊ?" ते टीव्हीकडेच बघत म्हणाले. "तुमी तर समोर होता."

होतो. कानाला हेडफोन लावून होतो. पण मागच्या खिडकीतल्या उजेडाने त्यांचा चेहरा काळा पडत होता आणि माझं सगळं ध्यान त्यात. खिडकीचा पडदा मला आजही दिसतो. मोरपंखी, त्यावर पांढरी फुलं, खालची शिवण उसवलेली. त्या काय बोलल्या, त्यातला एक शब्दही नाही.

"म्हणाल्या…" मी सुरुवात केली. "पोरीला म्हणाल्या, सासरी वेळेवर जेवत जा. आणि अब्बांना रोज फोन कर."

"फोन कर बोलली?"

"हो."

त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो गार होईपर्यंत धरून बसले.

पावसाच्या सुरुवातीला त्यांनी माझा कॉम्प्युटर नव्याने बांधून दिला. साधा मोठा फॅन, पाण्याचं नाव नाही. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माळ्याला आणखी एक खिडकीही पाडून घेतली. बायको चहा घेऊन माळ्याच्या दारात आली, तेव्हा ते स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "ती पोरीला काय बोलली होती, तेवढं पुन्ना सांगा."

मला हुरूप आला. "म्हणाल्या, अब्बांना एकटं वाटू देऊ नकोस, त्यांची औषधं बघ. आणि हसल्या."

"हसली?"

"हसल्या ना! छान हसल्या."

त्यांनी दातांत धरलेला स्क्रू काढला, बसवला, आवळला. हाताने जेवढा आवळतो तेवढाच.

वर्षभरात त्यांनी दुकान आवरलं. मुलगी पनवेलला, तिच्याकडे निघाले. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला घरी आले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि उठता उठता त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. एव्हाना मला ते इतकं पाठ झालं होतं, की सांगताना मी अडखळलोही नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या बापासारखा सबुरीचा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी सांगितलं. भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला. म्हणाले, "बरं हाय, भाऊ. येतो." वहिनी येतो, असं बायकोला वेगळं म्हणाले.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. भाई झोपेतच गेले. दफनही तिकडेच झालं. आता त्यांच्या दुकानाच्या पायरीवर मासळीवाल्या टोपल्या ठेवतात.

त्या दिवशी फोन ठेवला आणि आम्ही दोघं ओटीवर येऊन बसलो. बायको भाजी निवडत होती. मी म्हणालो, "फिल्म गेली ती गेली. पण निदान बेगमचे शब्द तरी त्यांच्यापर्यंत पोचवले मी."

 तिने हातातली जुडी संपवली, देठ वेगळे केले.

"तीनदा सांगितलंत तुम्ही," ती म्हणाली. "तिन्ही वेळा वेगळं. मी दारात उभी असायचे. मला कळलं, ते त्यांना कळलं नसेल? एकदा तरी 'आठवत नाही' म्हणाल, म्हणून विचारत होते ते."